लॉकचे तुकडे करण्याआधी: कर्नलच्या पॉवर मॅनेजमेंटमधलं कंटेन्शन कमी करायचा क्रम

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या पॅचचा (कोडमधल्या प्रस्तावित बदलाचा) सूर बहुधा एकच असतो: ‘पॉवर लॉकवर कंटेन्शन दिसलं, म्हणून लॉकचे दोन भाग केले.’ (लॉक म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, कंटेन्शन म्हणजे त्याच्या दारावरची झुंबड; पॉवर लॉक डिव्हाइसच्या झोपण्या-उठण्याचा हिशेब सांभाळतं.) मी विचारतो, हे लॉक कोण घेतंय? सेकंदाला किती वेळा? घेतलं की किती वेळ धरून बसतंय? समोरचा गप्प. परत जाऊन मोजलं की बहुतेक वेळा कळतं, लॉक बिचारं ठीकच होतं. आपला ड्रायव्हरच गरज नसताना त्याचं दार वाजवत होता.

म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. आधी लॉकपर्यंतच्या फेऱ्या कमी करायच्या, मग लॉक धरण्याचा वेळ, आणि लॉकच्या रचनेला हात सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, कारण रचना बदलण्यात मजा येते आणि मोजण्यात येत नाही.

लेख लिनक्सच्या ६.क्ष कर्नलवर ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी आहे. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग.

टप्पा १: मोजण्याआधीची तयारी

दोन कर्नल बांधा. पहिला डीबगचा: लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा), लॉक स्टॅट (लॉकची आकडेवारी ठेवणारं) आणि ‘डीबग ॲटॉमिक स्लीप’ (झोपायला मनाई असलेल्या जागी झोपणारा कोड पकडणारं) चालू ठेवून. दुसरा ग्राहकाकडे जाणाऱ्या कॉन्फिगचा, यातलं काहीही चालू न करता. कारणं पहिल्यावर शोधायची, आकडे दुसऱ्यावर घ्यायचे. लॉक स्टॅट चालू केलं की लॉकडेपही सोबत येतं आणि प्रत्येक लॉक-अनलॉक महाग होतं. त्या कर्नलवरचा थ्रूपुट (ठरावीक वेळात झालेलं काम) पॅचच्या वर्णनात लिहिला असेल, तर मी पुढचं वाचत नाही.

लोड एकच ठेवा. तीच स्क्रिप्ट, तेवढाच वेळ, किमान पाच फेऱ्या. ‘जरा कॉपी करून पाहिलं’ याला लोड म्हणत नाहीत.

आता पुण्यातली एक अडचण. हिंजवडीत आमचं टेस्ट बेंच खिडकीजवळ आहे आणि त्या कोपऱ्यात एसीचा वारा पोहोचत नाही. एप्रिलमध्ये एकदा सकाळी दहाला जुन्या कोडचे आकडे घेतले, दुपारी तीनला नव्याचे. नवा कोड हळू निघाला. दोन दिवस कोडमध्ये चूक शोधली. शेवटी कळलं की दुपारी बोर्ड तापून थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यावर वेग आपोआप कमी करणं) सुरू होत होतं. तेव्हापासून जुना-नवा-जुना-नवा असं आलटून पालटून मोजतो आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीचं, शेवटचं तापमान नोंदवतो. लॅपटॉपवरच मोजत असाल तर गुरुवार सांभाळा: देखभालीसाठी लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि पॉवर प्रोफाइल बदललं, की त्या फेरीचे आकडे सरळ टाकून द्या.

चार गोष्टींची ‘आधी’ची नोंद करा: थ्रूपुट, सगळ्यात हळू एक टक्का विनंत्यांना लागलेला वेळ, डिव्हाइस किती वेळ सस्पेंड राहिलं (सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या /sys मध्ये, डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरमधलं रनटाइम_सस्पेंडेड_टाइम), आणि बोर्ड रिकामा असताना ओढलेला करंट.

> इशारा: शेवटचे दोन आकडे नसतील तर पुढे जाऊ नका. डिव्हाइसला झोपूच दिलं नाही तर कंटेन्शन आपोआप घटतं. पण पॉवर मॅनेजमेंट बंद करणं म्हणजे ते सुधारणं नव्हे.

टप्पा २: नेमकं कोणतं लॉक, ते पत्त्यासकट शोधा

डीबग कर्नलवर लॉक_स्टॅटची फाइल आधी शून्य लिहून साफ करा, लोड चालवा, मग वाचा. ‘कंटेन्शन्स’ आणि ‘वेटटाइम-टोटल’ हे रकाने आधी पाहा, त्यानंतर ‘होल्डटाइम’.

इथे पहिला खड्डा आहे. लॉकडेप लॉकची गणना वर्गानुसार करतो, आणि सिस्टिममधल्या सगळ्या डिव्हाइसांची पॉवर लॉक्स एकाच ठिकाणी इनिशियलाइझ होत असल्याने एकाच वर्गात पडतात. यूएसबी, जीपीयू, आयटूसी, सगळ्यांची बेरीज एका ओळीत. ‘पुण्यात ट्रॅफिक जाम आहे’ एवढंच कळतं. चौक कोणता ते नाही.

चौक शोधायला पर्फ, हे कर्नलचं मोजमापाचं साधन. ‘पर्फ लॉक कंटेन्शन’ ज्यावर चालतं ते कंटेन्शन_बिगिन आणि कंटेन्शन_एंड हे ट्रेसपॉइंट (कर्नलमधल्या नोंद करणाऱ्या जागा) २०२२ मध्ये ५.१९ मध्ये आले. साध्या कर्नलवर ते बीपीएफच्या (कर्नलच्या आतच मोजणी करण्याच्या सोयीच्या) पर्यायासह, सगळ्या सीपीयूंवर, दहा-वीस सेकंद चालवा. पहिली फेरी नेहमीची: वाट पाहणारा कॉलर (लॉक मागणारं फंक्शन) दिसेल. दुसरी लॉकच्या पत्त्यानुसार: एकाच पत्त्यावर झुंबड आहे की पन्नास पत्त्यांवर थोडी थोडी, ते दिसेल. पन्नासांवर विखुरलेली असेल तर तुमच्या ड्रायव्हरला हात लावून फरक पडणार नाही.

सापडणारे संशयित साधारण हे:

- डिव्हाइसचं पॉवर लॉक: स्पिनलॉक (वाट पाहणारा झोपत नाही, घिरट्या घालतो), प्रत्येक डिव्हाइसचं स्वतंत्र. सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं. पुढचे दोन टप्पे याच्याबद्दल आहेत.
- पॉवर डोमेनचं (जेनपीडी) लॉक: डोमेन म्हणजे एकत्र चालू-बंद होणारा हार्डवेअरचा गट; एका डोमेनखाली अनेक डिव्हाइस असतील तर. पाचव्या टप्प्यात.
- टिक_ब्रॉडकास्ट_लॉक: खोल आयडलमध्ये (काम नसतानाच्या गाढ झोपेत) सीपीयूचा स्वतःचा टायमर बंद पडत असेल, तर आत जाताना आणि बाहेर येताना प्रत्येक कोअर हे एकच लॉक घेतो. ड्रायव्हरचा संबंध नाही. आर्म बोर्डवर टायमर खरंच बंद पडत नसेल तरच डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनाच्या फाइलमध्ये) त्याला ‘ऑलवेज-ऑन’ लावा. खोटं लावलंत तर झोपलेला कोअर वेळेवर उठणार नाही, आणि तो बग शोधताना केस पांढरे होतील.
- स्केड्युटिलचं (सीपीयूचा वेग ठरवणाऱ्या भागाचं) अपडेट_लॉक: अनेक कोअर एकाच फ्रिक्वेन्सी पॉलिसीत असतील तेव्हा. रेट_लिमिट वाढवून हे लॉक टळेल असं पुष्कळांना वाटतं. ती मर्यादा लॉक घेतल्यानंतर तपासली जाते. आतलं काम कमी होतं, फेऱ्या तेवढ्याच.

> तपासणी: पुढे जाण्याआधी एक वाक्य पूर्ण करता आलं पाहिजे: ‘अमुक डिव्हाइसच्या अमुक लॉकवर, अमुक फंक्शनमधून आलेले कॉलर थांबतात.’ एकही ‘अमुक’ रिकामा असेल तर टप्पा २ पुन्हा.

टप्पा ३: वाया जाणाऱ्या फेऱ्या मोजा

समजा, दोषी पॉवर लॉकच आहे. ते कोण कधी घेतं, याबद्दल गैरसमज फार, म्हणून जरा रेंगाळतो.

ड्रायव्हर डिव्हाइस वापरण्याआधी ‘गेट’ करतो आणि काम झाल्यावर ‘पुट’; चालू वापरांची मोजणी म्हणजे युसेज काउंट. पीएम_रनटाइम_गेट_सिंक आधी युसेज काउंट ॲटॉमिकने (मध्ये कुणी घुसू शकणार नाही अशा एका फटक्यात) वाढवतं आणि मग लॉक घेतं. डिव्हाइस आधीच जागं असलं तरी घेतं. ‘जागंच होतं, मग लॉक कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी सोर्स उघडून पाहावा; जागं आहे की नाही हे लॉकच्या आतच ठरतं.

पुटचं वेगळं. काउंट कमी करूनही शून्याच्या वर असेल, तर ते लॉकला न शिवता परततं. लॉक लागतं ते शून्यावर येणाऱ्यालाच.

पीएम_रनटाइम_गेट_इफ_इन_यूज हे नाव वाचून लोकांना ते हलकंफुलकं, लॉकशिवायचं वाटतं. तेही लॉक घेतं. खरंच लॉकशिवाय चालतं ते गेट_नोरिझ्यूम, पण ते डिव्हाइसला उठवत नाही, फक्त काउंट वाढवतं.

शिवाय काही छुपे कॉलर असतात. इंटरप्ट हँडलरमधून दर वेळी पीएम_वेकअप_इव्हेंट किंवा पीएम_स्टे_अवेक बोलावलं, तर तेही त्याच डिव्हाइसचं पॉवर लॉक घेतं. डिव्हाइसची क्यूओएस (किती उशीर चालेल अशा मर्यादांची) किंमत वाचणारं डेव्ह_पीएम_क्यूओएस_रीड_व्हॅल्यू, तेही. आणि सिसएफएसमधून रनटाइम_ॲक्टिव्ह_टाइम वाचणारी मॉनिटरिंगची स्क्रिप्टसुद्धा. दर काही मिलिसेकंदाला ती फाइल वाचणारा, आमचाच लिहिलेला डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) एकदा संशयितांच्या यादीत वर आला होता. चोर घरातलाच.

आता मोजा. एफट्रेसमध्ये (कर्नलच्या नोंदवहीत) आरपीएम, म्हणजे रनटाइम पीएमच्या, गटातले ट्रेसपॉइंट चालू करा, आपल्या डिव्हाइसच्या नावाचा फिल्टर लावा, दहा सेकंद लोड चालवा. आरपीएम_रिझ्यूमच्या ओळी मोजा. मग आरपीएम_रिटर्न_इंटच्या ओळींत रिझ्यूममधून ‘रेट=१’ (रेट म्हणजे परत आलेली किंमत) परत आलेले किती ते पाहा. रिझ्यूमच्या बाबतीत एक म्हणजे ‘आधीच जागं होतं’. त्या सगळ्या फेऱ्या वाया. (सस्पेंडमधूनही १ येऊ शकतो, तिथे अर्थ ‘आधीच झोपलेलं’, ओळीतलं फंक्शनचं नाव पाहून वेगळे करा.)

एक सोपी चाचणीही आहे. डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरमधल्या ‘कंट्रोल’ फाइलमध्ये ‘ऑन’ लिहा आणि पुन्हा मोजा. कंटेन्शन जवळजवळ नाहीसं झालं, तर रोग झोपण्या-उठण्याच्या ये-जात आहे. बऱ्यापैकी तसंच राहिलं, तर रोग गेटच्या फेऱ्यांत आहे, कारण ‘ऑन’मुळे पुट लॉक टाळतात पण गेट घेतच राहतात.

> इशारा: चाचणी झाली की ‘ऑटो’ परत लिहा. एका तरुण सहकाऱ्याने हे ‘ऑन’ बूट स्क्रिप्टमध्येच टाकलं आणि आनंदाने सांगत आला, ‘दादा, आकडे सुधारले!’ म्हटलं, अरे, करंटचा मीटर बघितलास का? नव्हता बघितला.

टप्पा ४: फेऱ्या कमी करा

कंटेन्शनचं बरंचसं काम इथेच संपतं. चार उपाय, याच क्रमाने करून पाहा.

*४.१ गेट-पुट वरच्या पातळीला न्या.* दर पॅकेटला, दर रजिस्टर वाचनाला गेट-पुट करू नका. नेटवर्क ड्रायव्हरमध्ये इंटरफेस उघडताना गेट आणि बंद करताना पुट, ही रुळलेली पद्धत आहे. कॅमेऱ्यात स्ट्रीम सुरू होताना. डीएमएमध्ये एका वर्णकाला नव्हे, एका तुकडीला. मदतनीस फंक्शनांच्या पोटात लपलेले गेट आधी शोधा: ‘रजिस्टर वाच’ नावाच्या चार ओळींच्या फंक्शनमध्ये गेट-पुटची जोडी, आणि त्याला बोलावणारा लूप साठ रजिस्टरं वाचतोय, असं मी अनेकदा पाहिलंय. जोडी लूपच्या बाहेर काढली की साठाची एक फेरी होते.

*४.२ ऑटोसस्पेंडचा अवधी मोजून ठरवा.* काम संपल्यावर डिव्हाइस किती वेळाने झोपायचं, तो हा अवधी. तो फार कमी असेल तर डिव्हाइस दर विनंतीमागे झोपतं-उठतं, आणि दर वेळी पालक डिव्हाइसचं लॉकही त्यात ओढलं जातं. चार भावंडं एकाच बसखाली (डिव्हाइस जोडणाऱ्या सामायिक वाटेखाली) असतील तर झुंबड पालकाच्या लॉकवर दिसते आणि लोक बसचा ड्रायव्हर तपासत बसतात. दोन विनंत्यांमधलं अंतर ट्रेसमधून काढा, नेहमीच्या अंतरापेक्षा अवधी थोडा जास्त ठेवा. टायमर ठरल्या क्षणीच वाजेल असं धरू नका. कर्नल त्याला अवधीच्या २५ टक्क्यांपर्यंत सैलपणा देतो. ऋण अवधी म्हणजे कधीच झोपायचं नाही, तो उपाय नव्हे.

काम संपताना मार्क_लास्ट_बिझी बोलावणं स्वस्त आहे, लॉक लागत नाही. अलीकडच्या कर्नलमध्ये पुट_ऑटोसस्पेंड ते स्वतःच करतं; आपल्या आवृत्तीचा सोर्स पाहून ठरवा.

*४.३ छुपे कॉलर हटवा.* वेकअप इव्हेंट खरंच उठवणाऱ्या घटनेलाच नोंदवा, दर इंटरप्टला नाही. मॉनिटरिंगचा वेग कमी करा.

*४.४ तरीही दर विनंतीला हिशेब लागत असेल, तर स्वतःचा काउंट ठेवा.* हे शेवटी, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. नेहमीची चूक अशी: ‘माझा काउंट शून्यावरून एक झाला तरच गेट करेन, नाहीतर सरळ पुढे.’ पहिला थ्रेड काउंट एक करून गेटमध्ये शिरतो. डिव्हाइस अजून उठतंय. तेवढ्यात दुसरा थ्रेड काउंट एक पाहतो, डिव्हाइस जागं आहे असं समजून रजिस्टरला हात लावतो, आणि बस एरर. बरोबर क्रम असा:

१. जलद वाट: काउंट शून्य नसेल तरच ॲटॉमिकने वाढवा (ॲटॉमिक_इंक_नॉट_झीरो). जमलं तर डिव्हाइस नक्की जागं आहे, पुढे जा.
२. नाही जमलं तर म्युटेक्स (वाट पाहणाऱ्याला झोपवणारं लॉक) घ्या आणि आत पुन्हा तेच करून पाहा. मधल्या काळात दुसऱ्याने उठवलं असेल.
३. तरीही शून्यच असेल तर रिझ्यूम_अँड_गेट. चुकलं तर काउंटला न शिवता म्युटेक्स सोडून परत जा.
४. यशस्वी झालं की *त्यानंतर* काउंट एक करा, ॲटॉमिक_सेट_रिलीजने. मग म्युटेक्स सोडा.
५. काम संपलं की काउंट एकने कमी. शून्यावर आणणाऱ्यानेच पुट_ऑटोसस्पेंड करायचं.

चौथी पायरी तिसरीच्या आधी गेली की सगळं फसलं.

म्युटेक्स असल्याने हा मार्ग इंटरप्टमधून चालत नाही. आणि हा काउंटसुद्धा सगळ्या कोअरमध्ये फिरणारी एक कॅशलाइनच (कोअरांना एकमेकांकडून मागून घ्यावा लागणारा मेमरीचा तुकडा) आहे. इंटरप्ट बंद करून रांगेत उभं राहण्यापेक्षा स्वस्त, पण फुकट नाही. तेही जड होत असेल तर पर-सीपीयू रेफकडे (प्रत्येक कोअरचा वेगळा काउंट ठेवणाऱ्या सोयीकडे) वळा. ब्लॉक लेयर हेच करतो: चालू विनंत्यांचा हिशेब पर-सीपीयू रेफमध्ये, आणि झोपायची वेळ आली की ते ॲटॉमिक पद्धतीवर आणून शून्य आहे का ते पाहतो. महाग काम क्वचित होणाऱ्या बाजूला ढकललंय.

> इशारा: पूर्ण सिस्टिम सस्पेंड होताना तुमचा काउंट शून्य नसतानाही हार्डवेअर बंद होऊ शकतं. मग जलद वाट खुशाल ‘जागं आहे’ म्हणते. सस्पेंड कॉलबॅकमध्ये नव्या विनंत्या थांबवा, चालू असलेल्या संपू द्या, मगच पुढे.

> तपासणी: टप्पा ३ चे आकडे पुन्हा घ्या. ‘रेट=१’च्या ओळी घटल्या? सस्पेंडेड टाइम पूर्वीइतका आहे? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल आणि कंटेन्शन गेलं असेल, तर इथेच थांबा आणि पॅच पाठवा.

टप्पा ५: लॉक धरण्याचा वेळ

कॉलबॅक म्हणजे डिव्हाइसला उठवताना-झोपवताना कर्नल बोलावतो ते ड्रायव्हरचं फंक्शन. इथला मोठा गैरसमज: ‘रिझ्यूम कॉलबॅक लांबलचक आहे, म्हणून पॉवर लॉक जास्त वेळ धरलं जातं.’ तसं नाही. कॉलबॅक चालताना कर्नल पॉवर लॉक सोडतो. बाकीचे कॉलर वेटक्यूवर (वाट पाहणाऱ्यांच्या रांगेत) झोपून राहतात. उशीर होतो, पण तो स्पिनलॉकच्या आकड्यांत दिसत नाही.

अपवाद आयआरक्यू_सेफचा. ड्रायव्हरने पीएम_रनटाइम_आयआरक्यू_सेफ लावलं की कॉलबॅक इंटरप्ट बंद ठेवून चालतो, आणि दुसरा कोअर त्याच वेळी आला तर झोपत नाही, घिरट्या घालत राहतो. वर पालक डिव्हाइस कायमचं जागं ठेवलं जातं. इंटरप्टमधून एकदा गेट करायची सोय म्हणून हे लावलेले ड्रायव्हर भरपूर आहेत. थ्रेडेड इंटरप्टवर (इंटरप्टचं काम झोपू शकणाऱ्या थ्रेडमध्ये करण्यावर) गेलात तर ते काढता येतं, आणि मग लॉक आणि बॅटरी दोन्ही सुटतात.

जेनपीडीची गोष्ट वेगळी. डोमेन चालू करणारा कॉलबॅक डोमेनचं लॉक धरूनच चालतो. तिथे ठरावीक दोन मिलिसेकंदांची झोप टाकली असेल, तर त्या डोमेनखालचं उठू पाहणारं प्रत्येक डिव्हाइस तेवढा वेळ खोळंबतं. ठरावीक थांब्याऐवजी ‘तयार’ बिट तपासा. क्लॉक तयार करण्यासारखी कामं डिव्हाइसच्या स्वतःच्या कॉलबॅकमध्ये न्या. पीएम_जेनपीडी_समरी ही डीबगएफएसमधली फाइल उघडून आधी पाहा की डोमेनखाली नक्की कोण कोण आहे. बोर्डाचं डिव्हाइस ट्री दुसऱ्या बोर्डावरून उचललेलं असेल तर तिथे चकित करणारे पाहुणे सापडतात.

टप्पा ६: लॉकची रचना

इथवर आलात आणि कंटेन्शन उरलंय, तर तुमच्या ड्रायव्हरमधल्या *तुमच्या* लॉककडे पाहा. कर्नलच्या पॉवर कोअरमधलं लॉक फोडायचा विचार सोडा. ते स्थिती, पालक-पाल्य नातं आणि टायमर यांना एकत्र बांधून ठेवतं.

स्वतःच्या लॉकमध्ये दोन गोष्टी सर्रास चुकतात. एक, स्वतःचं स्पिनलॉक धरून गेट_सिंक बोलावणं. आयआरक्यू_सेफ नसेल तर ते झोपू शकतं. डिव्हाइस जागं नसताना डीबग कर्नल लगेच ओरडेल, साधा कर्नल एखाद्या वाईट दिवशी लटकेल. दुसरी, तेच लॉक रिझ्यूम कॉलबॅकमध्येही घेणं: एक जण लॉक धरून रिझ्यूमची वाट पाहतोय, रिझ्यूम लॉकची. नियम एकच ठेवा: आधी गेट, मग आपलं लॉक. सोडताना उलट.

रिअल-टाइम कर्नलसाठीही तपासा. प्रीएम्प्ट आरटी २०२४ मध्ये ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे, आणि त्यात साधं स्पिनलॉक झोपू शकणारं होतं. पॉवर लॉक साधं स्पिनलॉक आहे. म्हणजे रॉ स्पिनलॉक धरून रनटाइम पीएमचं लॉक घेणारं काहीही बोलावलं की तिथे मोडलं.

टप्पा ७: पाठवण्याआधी

१. डीबग कर्नलवर पूर्ण लोड. लॉकडेपचा एकही शब्द आलेला नसावा. लॉकडेप पहिल्या तक्रारीनंतर स्वतःला बंद करतो, त्यामुळे दुसऱ्याच कुणाच्या तक्रारीने तो आधीच गप्प झालेला नाही ना, ते बूटपासूनच्या लॉगमध्ये पाहा.

२. रिझ्यूम कॉलबॅकमधून मुद्दाम चूक परत पाठवा. गेट_सिंक अपयशी ठरलं तरी युसेज काउंट वाढलेलाच राहतो. पुट_नोआयडल विसरलात तर डिव्हाइस पुन्हा कधीच झोपत नाही. रिझ्यूम_अँड_गेट हा हिशेब स्वतः निस्तरतं, शक्यतो तेच वापरा.

३. आरटीसीवेकने (ठरल्या वेळी सिस्टिमला उठवणाऱ्या साधनाने) सिस्टिम सस्पेंडच्या शंभरेक फेऱ्या, लोड चालू असताना. टप्पा ४.४ केला असेल तर हे टाळू नका.

४. ड्रायव्हर अनबाइंड-बाइंडचा (डिव्हाइसपासून काढून पुन्हा जोडण्याचा) लूप, तोही लोडखाली.

५. पहिल्या टप्प्यातले चारही आकडे, जुने-नवे शेजारी शेजारी, साध्या कर्नलवरचे, तापमानासह. पॅचच्या वर्णनात हेच घाला.

६. संध्याकाळी लोड बंद करा, बोर्ड चालूच ठेवा आणि घरची बस पकडा. सकाळी आल्यावर आधी रनटाइम_स्टेटस वाचा. ‘सस्पेंडेड’ असायला हवं. ‘ॲक्टिव्ह’ दिसलं, तर पॉवर मॅनेजमेंटचं ‘ॲडव्हान्स्ड डीबग’ चालू केलेल्या कर्नलवर रनटाइम_युसेज पाहा. शून्याऐवजी एक असेल, तर कुठल्यातरी वाटेवर एक पुट राहून गेलंय. चहा घेऊन या आणि एरर परत करणाऱ्या ओळींपासून शोधायला लागा.